पेडणे ते डिचोली, फेरीबोटीच्या वाटेने

सकाळचे सात. पेडण्यातल्या घरासमोर गाडी उभी आहे. काळी पाटी, तिच्यावर पिवळे आकडे. भाड्याची गाडी गोव्यात लांबूनच ओळखू येते. डिकी उघडी आहे. आधी दोन मोठ्या बॅगा आत जातात, मग नारळांचं पोतं, मग खजुराची खोकी आणि दूध पावडरीचे डबे, शेवटी फणसाच्या साठांचं पुडकं. विहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, असं आजी दोनदा सांगते. डिकी लागत नाही. खजूर बाहेर येतात आणि जागा बदलून पुन्हा आत जातात.

मी मुराळी म्हणून आलो आहे. ताई आणि भावजी दुबईत असतात. वर्षाची रजा दोन घरांत वाटली जाते. पहिले दिवस पेडण्याचे, सासरचे. उरलेले डिचोली तालुक्यातल्या मयेचे, माहेरचे. श्रावणातला शुक्रवार आहे आणि आज रजेची बाजू बदलते. महामार्गाने सुटलं तर तास-सव्वा तासात पोचता येईल. पण थोरलीने रात्रीच वहीच्या कागदावर यादी करून ठेवली आहे. बोट, किल्ला, धबधबा, गुहा. ती आठ वर्षांची आहे. धाकटा चार वर्षांचा. त्याने यादीच्या खाली बेडूक काढला आहे.

मधल्या रांगेत धाकट्याची खुर्ची पट्ट्यांनी आवळली जाते. तिकडे एवढ्या मुलाला खुर्चीशिवाय गाडीत बसवणं कायद्यात बसत नाही. जन्मल्यापासून तो तिच्यातच बसत आला आहे. आजी हात पुढे करते.

"माझ्या मांडीवर दे त्याला."

"नको आई, पट्टा असलेला बरा."

आजी काही बोलत नाही. तिचा हात मात्र त्याच्या पावलावर जाऊन बसतो आणि गाडी गावाबाहेर पडेपर्यंत तिथेच राहतो.

पहिल्याच वळणावर कोरड्या काचेवर वायपर खरखरतात. भावजींना वळणाचा दिवा लावायचा असतो. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, दिव्याची दांडीही उलट्या हाताला. रजेवर आलेला माणूस पहिले काही दिवस असाच ओळखू येतो. "सवकास चलय रे पुता," मागून आजी.

भगवतीच्या देवळापाशी गाडी थांबते. दारात दोन्ही बाजूंना दगडी हत्ती उभे आहेत, खऱ्या हत्तीएवढे. धाकटा एकाच्या पायाला हात लावून बघतो. दगड ओला आहे, गार आहे. तो हात पँटला पुसतो आणि दुसऱ्या हत्तीकडे धावतो. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके पोर्तुगिजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, तिसवाडी-बार्देशच्या अडीचशे वर्षं मागून. त्यामुळे या वाटेवरची देवळं बहुतेक आपल्या मूळ जागीच उभी आहेत. ताई घंटा वाजवायला मुलीला उचलते. आता ती जड झाली आहे. घंटेपर्यंत हात पोचतो आणि ताईचा श्वास सुटतो.

केरीचा रस्ता शेतांमधून जातो. दोन्हीकडे भात गुडघाभर आलेलं. मध्येच ऊन पडतं, सगळा हिरवा रंग चकाकतो, आणि पुढच्या वळणावर पाऊस सुरू होतो. साधा नाही. गाडीच्या टपावर आदळणारा. समोरचा दुचाकीवाला दिसेनासा होतो. मुलं बोलायची थांबतात.

"मामा, हे सगळं पाणी जातं कुठे?"

मी तिला शेताच्या बांधाकडे बोट दाखवतो. बांधातून ओहोळ, ओहोळातून नाला, नाल्यातून नदी. तिला ते पटतं, पण पुरेसं वाटत नाही. दुबईत वर्षभराचा पाऊस सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास. गोव्यात एका पावसाळ्यात साधारण 3,000 मिलिमीटर पडतो. तिकडच्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये मिळते, म्हणून या मुलांनी पाहिलेला गोवा बहुतेक ओलाच आहे. काजूचा मोसम त्यांनी पाहिलेला नाही. आंबे तर ही मुलं येण्याआधीच संपलेले असतात.

केरीच्या धक्क्यावर रांग आहे. आमच्या पुढे सहा गाड्या. फेरीबोट पलीकडे, तेरेखोलच्या काठाला लागलेली दिसते. तिचा पुढचा लोखंडी पत्रा उतरतो, तो आवाज पाण्यावरून इथपर्यंत येतो. इंजिन बंद, एसी बंद. काचा आतून धुरकटतात. काचा खाली केल्या की डिझेलचा, चिखलाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास एकदमच आत येतो. ऊन पुन्हा निघालं आहे. घाम मानेवरून उतरतो. दुचाक्या रांगेच्या कडेने सरकत पुढे जाऊन उभ्या राहतात. रेनकोटातली एक बाई मासळीची रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसते. तिला घाई नाही.

थोरलीला आहे. ती दर मिनिटाला विचारते, बोट निघाली का. नाही निघाली. आता? अजून नाही.

समोरच्या गाडीचीही पाटी काळी आहे. तिच्यातून एक बाप उतरतो, कडेवर मुलगी. भावजीही उतरतात. ओळख नाही, पण दोघांच्या पायांतल्या चपला आणि मनगटावरची घड्याळं एकमेकांना सगळं सांगून टाकतात. ते कुवेतला. कधी आलात, हा पहिला प्रश्न. त्याला लागूनच दुसरा: परत कधी? रजेवर आलेल्या माणसाला गावात प्रत्येक दारात हेच दोन प्रश्न विचारतात, याच क्रमाने. दुसऱ्याचं उत्तर देताना आवाज थोडा खाली येतो. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार होती, पेडणे तालुक्याची जेमतेम 75 हजार. संयुक्त अरब अमिरातीत आज 35 लाखांहून अधिक भारतीय राहतात. एका नदीकाठच्या रांगेत दोन आखाती बाप भेटले, यात नवल काहीच नाही. पूर्वी पेडण्याचा माणूस मुंबई गाठायचा. आजीचे यजमानही मुंबईलाच होते. सुट्टीत पणजीपर्यंत बोटीने यायचे, पुढे मिळेल त्या वाहनाने.

आता मोप्याचं विमानतळ याच तालुक्यात आहे. जानेवारी 2023 मध्ये तिथून विमानं सुरू झाली आणि दाबोळीहून रात्री-अपरात्री अख्खा गोवा ओलांडत यायची पाळी टळली. तिथून निघालेला सहापदरी रस्ता सरळ धारगळला महामार्गावर उतरवतो. या नदीकडे, या रांगेकडे कुणाला वळावं लागत नाही. वळायचं असलं तर ठरवून वळावं लागतं.

बोट येते. पत्रा धक्क्यावर टेकतो, पलीकडची माणसं-गाड्या ओसरतात आणि आम्ही आत चढतो. हाताने इशारे करत एक खलाशी गाड्या इंचाइंचाने लावून घेतो. मुलं खाली उतरतात. थोरली कठड्याला दोन्ही हातांनी धरते. धाकट्याचा हात मी धरतो. इंजिनाची थरथर तळव्यांतून वर चढते, तो आधी घाबरतो, मग पाय घट्ट रोवून उभा राहतो. डाव्या हाताला नदी समुद्राला मिळते. एका बाजूचं पाणी गढूळ तांबडं, पलीकडचं करडं. मधली रेघ हलत असते. थोरली ती रेघ शेवटपर्यंत बघते. किल्ला बघायचा आहे, हे ती विसरून गेली आहे.

तेरेखोल नदीच्या उत्तरेला आहे. गोव्याचा हा एवढासा तुकडा जमिनीने महाराष्ट्राला चिकटलेला. बोट नको असेल, तर किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्यावरून, सिंधुदुर्गातून फिरून यावं लागतं. चढावर किल्ल्याची भिंत, शेवाळाने काळी-हिरवी झालेली. सावंतवाडीकरांनी सतराव्या शतकात तो बांधला, 1746 मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. आत छोटं चर्च आहे. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रही तिरंगा घेऊन या चढावरून वर गेले. गोवा मुक्त व्हायला तेव्हा आणखी सात वर्षं जायची होती. भावजी हे मुलीला सांगतात तेव्हा चढावर थांबून, तिच्याकडे बघून सांगतात. गेल्या आठवड्यात ती गावच्या शाळेत चुलत भावंडांबरोबर झेंडावंदनाला गेली होती. कागदी झेंडा अजून तिच्या पिशवीत आहे. ती तो काढते, भिंतीच्या एका भेगेत खोचून बघते आणि पुन्हा काढून घेते. ओला होईल म्हणते.

इथून पाऊस येताना दिसतो. समुद्रावर आधी एक करडा पडदा, मग तो केरीचा किनारा पुसून टाकतो, मग बोट. मग सगळेच धावतात.

परतीची बोट, आणि किनाऱ्याचा रस्ता. हरमल, मांद्रे, मोरजी. हिवाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते. आत्ता शॅक उतरवलेले आहेत, हॉटेलांच्या पडव्या निळ्या प्लास्टिकने झाकलेल्या, समुद्र फेसाळलेला. पोहायला बंदी आहे. मुलांनाही उतरायचं नाही. धाकटा झोपला आहे. चोपड्याचा पूल येतो. पूर्वी इथेही फेरीच होती. खाली शापोरा नदी दुथडी भरून चालली आहे.

म्हापशाला पोचेतो साडेबारा होतात आणि शुक्रवार असल्याने सगळं बार्देश रस्त्यावर आहे. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत बाजाराला दोन चकरा होतात. पाऊस थांबला आहे, वारा नाही. बाजाराच्या छपराखाली वाफ कोंडली आहे. फुलं, सुकी मासळी, केळी, ओली गोणपाटं, सगळ्यांचा मिळून एक वास. थोरली आधी नाक धरते. मग हात काढते. मग प्रत्येक ढिगाकडे बोट दाखवत नाव विचारत सुटते.

ही तवशी. हा चिबूड, पिकला की आपोआप फुटतो. हे भेंडे, एवढे लांब इथेच मिळतात. ही मयड्याची केळी. ही हरमलची मिरची. पानांच्या पुड्यांत गुंडाळून ठेवलेली ती अळमी, वारुळांवर उगवणारी, माणसाने पेरता न येणारी. तिचा भाव ऐकून ताई गप्प होते. मनातल्या मनात दिरहमचा हिशेब करते, ते तिच्या भुवयांवरून कळतं. मग घेते. एकच पुडी. विकणारी बाई मुलीच्या हातात एक अळमी वेगळी ठेवते.

"खंयचें गो बाय तूं?"

मुलगी आईकडे बघते. मग आजीकडे. "पेडण्याची," आजी सांगते. बाईचं समाधान होतं.

श्रावण आहे. आजीबरोबर असताना मासळीचं नाव नाही. चहाच्या हॉटेलात टेबलाला रांग, बसलेल्यांच्या पाठीमागे आपण उभं राहायचं आणि त्यांचा शेवटचा घोट बघत राहायचं. आमची पाळी येते. पातळभाजी, पाव, मिरची भजी, बन. थोरलीला तिखट लागतं, डोळ्यांत पाणी येतं, तरी ती बशी सरकवत नाही. धाकटा फक्त पाव खातो. दोन खातो. पंख्याखाली घाम वाळतो आणि कुणालाच उठावंसं वाटत नाही. पण मागे उभं असलेलं कुटुंब आता आमचा शेवटचा घोट बघतं आहे.

अस्नोडा मागे पडतं, मुळगाव येतं आणि डिचोली तालुका सुरू होतो. हा माझा रस्ता. मातीचा रंग इथे गडद होत जातो. ओहोळाचं पाणी तांबडं, रस्त्याच्या कडा तांबड्या, देवळाच्या पायरीवर उमटलेली पावलंही तांबडी. डोंगर काही ठिकाणी पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेले आहेत. थोरली विचारते, तिथे काय बांधणार आहेत? बांधणार काही नाही, मी सांगतो. खनिज काढलं. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोडा काळ चालल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहिले आणि त्यांच्या टायरांभोवती गवत वाढलं. माझ्याबरोबर शाळेत असलेले कितीतरी जण त्या वर्षांत ट्रक विकून आखाताकडे वळले. आता काही खाणी परत सुरू होताहेत. गेलेली माणसं मात्र अजून रजेवरच येतात.

डिचोली शहर ओलांडून साखळीच्या वाटेने हरवळे. धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. गाडीतून उतरताच धाकटा कान झाकतो. पाण्यात उतरू नये, असा फलक आहे. वरून उडालेले तुषार दूरपर्यंत येतात आणि चष्मे धुरकटतात. कठड्यापाशी गर्दी आहे, प्रत्येकाला फोटो हवा आहे, पुढे जायला पाळी लावावी लागते. थोरली पाळी लावते. तिची वेळ आल्यावर फोटो काढायचा ती विसरते आणि नुसती मान वर करून उभी राहते. मागचे लोक थांबतात. कुणी तिला हटकत नाही. शेजारच्या रुद्रेश्वराच्या देवळात आजी टेकली आहे.

गुहा जवळच आहेत. जांभ्या दगडात कोरलेल्या, सहाव्या-सातव्या शतकातल्या मानतात. गावचे लोक पांडवांचं नाव घेतात. आत काळोख, जमीन ओलसर, शिवलिंगांवर कुणी ताजी फुलं वाहिलेली. दोन्ही मुलं आपसूक हळू बोलू लागतात. धाकट्याला कोपऱ्यात बेडूक सापडतो. यादी त्याच्यापुरती पूर्ण झाली.

पाच वाजून गेले आहेत. ढगांमुळे संध्याकाळ लवकर उतरते आहे. मयेवरून पुढे नार्वे. सप्तकोटेश्वराचं देऊळ झाडांच्या पोटात आहे, उतरत्या कौलांचं, समोर दीपस्तंभ. ही गोष्ट आजी स्वतः सांगायला घेते. देव मुळात पलीकडे, दिवाडी बेटावर होता. कदंब राजांचा देव. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात देऊळ पाडलं, लिंग विहिरीवर पाणी शेंदायच्या कामाला लावलं, असं लोक सांगतात. मग भक्तांनी रातोरात ते नदीपार आणलं. पुढे शिवाजी महाराजांनी इथे देऊळ बांधायला लावलं. दारावरच्या शिलालेखात 1668 ची नोंद आहे. 2023 मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, दगड अजून नवे दिसतात.

"म्हणजे देव बोटीतून आला?" थोरली विचारते.

"होडीतून आला असणार."

"कुठली नदी?"

आणि आम्ही पुन्हा धक्क्यावर. नार्व्याहून दिवाडीला फेरी जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. दिवाडीला आमचं काम काहीच नाही. ताई घड्याळ बघते, घरून दोन फोन येऊन गेले आहेत. भावजी गाडी कडेला लावतात आणि चावी खिशात घालतात. सगळे चढतात, आजीसुद्धा. बोटीवर कामावरून परतणारे लोक, शाळेची उशिरा सुटलेली मुलं, पावाची टोपली बांधलेली एक सायकल. मांडवी इथे संथ आहे, काठाला तिवरं पाण्यात उभी. पलीकडे पोचलो की उतरायचंही नाही. त्याच बोटीने परत. धाकटा आजीच्या मांडीवर आहे. बोटीत पट्टा नसतो.

मयेला पोचतो तेव्हा वीज गेलेली आहे. माझी आई पडवीत कंदील घेऊन उभी आहे. हे घर दोन पिढ्यांनी सांभाळलं, पण खालची जमीन बराच काळ आमच्या नावावर नव्हती. गोवा मुक्त झाल्यावर मयेच्या जमिनी स्थलांतरितांची मालमत्ता ठरल्या. त्या जमिनी इथल्या लोकांच्या नावावर करायचा कायदा व्हायला 2014 उजाडलं. भावजी-ताईने तिकडून पाठवलेल्या पैशातून छप्पर नवं झालं आहे. त्याच छपराखाली आता नारळांचं पोतं, खजुराची खोकी आणि अळमीची पुडी उतरते. दोन विहिणी एकमेकींचे हात धरून बसतात. थोरली कंदिलाच्या उजेडात यादीवर खुणा करते. बोटीपुढे दोन.

ऑगस्टच्या शेवटी तिकडच्या शाळा उघडतात. यंदा चवथ त्यानंतर येते. देवापुढची माटोळी ही मुलं व्हिडिओवर बघतील. तिच्यातली तवशी आणि चिबूड निदान ओळखतील.

रजेवर येणाऱ्या आईबापांना एवढंच सांगायचं आहे. दोन घरांमधलं अंतर महामार्गाने कापू नका. पेडण्याहून डिचोलीला, किंवा तुमची जी दोन गावं असतील त्यांच्यामध्ये, एक फेरीबोट ठेवा. रांगेत थांबा, इंजिन बंद करा आणि मुलांना गाडीतून खाली उतरवा.